चिऱ्याच्या भिंती, शिंपल्यांच्या खिडक्या: श्रावणातला गोवा

गोव्यातल्या जुन्या घरांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. पिवळी किंवा निळी भिंत, पांढऱ्या कडा, पायऱ्या चढून गेल्यावर समोर बसायचे कट्टे, आणि फोटोखाली 'पोर्तुगीज घर'. हे घर खरोखर किती पोर्तुगीज, हा प्रश्न मला बरीच वर्षं होता. बाबांनी सावंतवाडी-कुडाळ पट्ट्यात उभं आयुष्य घरबांधणीत काढलं, त्यामुळे त्यांना सोबत घेऊनच जायचं ठरलं. ऑगस्टमध्ये जायचा आग्रह त्यांचा. "घर बघूचा तर पावसात. उन्हाळ्यात सगळीच घरां बरी दिसतत," हे त्यांचं म्हणणं. त्याचा फार फायदा झाला.

गुरुवार: तोर्डा, पणजी

बांद्याहून पत्रादेवी ओलांडली, म्हापसा मागे टाकलं आणि पणजीत शिरण्याआधी पर्वरीहून आत तोर्ड्याला वळलो. तिथे 'हाऊसेस ऑफ गोवा' हे संग्रहालय आहे. वास्तुरचनाकार जेरार्ड दा कुन्हा यांनी ते रस्त्यांच्या मधल्या तिकोनी तुकड्यावर उभं केलं आहे. आत जुने दरवाजे, खिडक्या, कठडे, फरश्या, खुर्च्या, नकाशे. घरं बघायला निघालेल्याने सुरुवात इथूनच करावी. पुढे दिसणाऱ्या गोष्टींची कारणं इथे आधीच हाती लागतात.

पहिलं कारण इतिहासातलं. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये तिसवाडी घेतली, 1543 मध्ये बारदेश आणि साष्टी. या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेला मुलूख. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, केपे, काणकोण वगैरे बाकीचा मुलूख, म्हणजे नव्या काबिजादी, त्यांच्याकडे गेला थेट 18व्या शतकाच्या उत्तरार्धात. मधल्या दोनशेहून अधिक वर्षांत जुन्या काबिजादींनी धर्मांतराचा आणि 1560 साली आलेल्या इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, पूर्ण रेटा सोसला. नव्या काबिजादी हाती आल्या तेव्हा तो जोर ओसरत आला होता, आणि तिथली देवळं नि चालीरीती बऱ्याच अंशी तशाच राहू दिल्या गेल्या. हे अंतर घरांत आजही दिसतं.

मुळातलं मोठं घर दोन्हीकडे एकाच जातीचं. मधोमध उघडा चौक, चारी बाजूंना खोल्या, बाहेरच्या भिंतीला मोजक्या खिडक्या. घराचं सगळं लक्ष आत. साष्टी-बारदेशातल्या ख्रिस्ती झालेल्या जमीनदार कुटुंबांनी हे लक्ष पिढ्यान्‌पिढ्या सरकवत रस्त्याकडे आणलं. दर्शनी भिंतीला उंच खिडक्यांची रांग आली. पाहुण्यांसाठी आणि नाचासाठी लांबरुंद साला, म्हणजे दिवाणखाना, आली, घरात प्रार्थनेची खोली आली. 1736 च्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने ख्रिस्ती घरांच्या आवारात तुळस लावायलाही बंदी केली, आणि अंगणात खुरीस, म्हणजे क्रूस, उभे राहिले. चौक मात्र अनेक घरांनी सोडला नाही. दिवाणखाना ओलांडून मागे जा, तो असतोच.

दुपारी पणजीत फोंतायन्यास या जुन्या वस्तीत पोचलो. हा भाग नीट पाहायचा तर गाड्यांची वर्दळ सुरू होण्याआधी, सकाळी सातच्या सुमारास. आम्हाला संध्याकाळ मिळाली, पण पावसाने गर्दी पिटाळून लावली होती. व्हाइसरॉय जुन्या गोव्यातली रोगराई टाळून 1759 मध्येच पणजीला राहायला आले, शहराला राजधानीचा दर्जा 1843 मध्ये मिळाला. त्यामुळे इथली घरं गावातल्या घरांपेक्षा वेगळी. जागा अरुंद, भिंतीला भिंत लागलेली, पुढे अंगण नाही. वरच्या मजल्यावरून ओतीव लोखंडाच्या कठड्याचे सज्जे गल्लीवर आलेले.

बाबांनी पहिल्याच घराच्या जोत्याशी वाकून, गिलावा उडालेल्या जागी बोट लावलं. "चिरो आपलोच." जांभ्याचा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, हवा लागली की घट्ट होतो. पण तो सच्छिद्र. वर्षानुवर्षं पावसात उघडा ठेवला तर झिजतो. म्हणून त्यावर शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा जाड गिलावा आणि वर रंग मिसळलेल्या चुन्याचा हात. पावसाळ्यात तो धुऊन जातो, शेवाळ धरतं, म्हणून पावसाळा संपला की घर पुन्हा रंगवायचं. पणजीत पोर्तुगीज अमलात ही सक्तीच होती असं सांगतात, आणि निव्वळ पांढरा रंग चर्चसाठी राखलेला. पिवळी माती, गेरू, नीळ, एवढ्यातून ते सगळे रंग आले. फोटोत जे शोभेचं वाटतं ते बाबांच्या लेखी भिंत वाचवण्याचं काम होतं.

आम्ही उतरलो त्या घराच्या मालकांनी एक विनंती केली, ती इथे पोचवते. या गल्ल्यांत माणसं राहतात. लोक दाराच्या पायऱ्यांवर बसून फोटो काढतात, खिडकीतून डोकावतात. अनेक घरांवर फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, त्या पाळा. मालकांची आई आजारी होती, आणि तिची खाट नेमकी गल्लीकडच्या खिडकीशी.

रात्री बाबांचा श्रावण असल्याने खतखतं आणि भात, मला मोरी माशाचं आंबट-तीख.

शुक्रवार, 15 ऑगस्ट: मडगाव, लोटली

मडगावला बोर्ड्याच्या रस्त्यावर सात बुर्झांचं घर आहे. साधारण 1790 मधलं, व्हाइसरॉयचे सचिव इनासियो द सिल्वा यांचं. दर्शनी खोल्यांवर वेगवेगळी उंच, टोकदार छपरं. सातांपैकी आज तीन उरली आहेत. आत जायला मिळत नाही, समोरच्या बाजूने पाहून निघायचं.

तिथून लोटली जवळच. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांचं घर याच गावात, पण ते खासगी, बाहेरूनच पाहावं. आत जाण्यासाठी 'कासा आरावज आल्वारिस' हे 1757 च्या सुमाराचं घर तिकीट काढून बघता येतं. मधला चौक, त्याभोवती फिरणाऱ्या खोल्या, प्रार्थनेची खोली, मागे काळवंडलेलं स्वयंपाकघर, सगळं एका दमात समजतं.

खरी लोटली आम्हाला भेटली त्यानंतर. पावसाची मोठी सर आली म्हणून एका घराच्या फाटकाशी थांबलो, तर वरून हाक आली, "यो गो बाय, भितर यो! भिजतली!" बल्कांवावर ऐंशीच्या आसपासच्या एक आंटी बसल्या होत्या. बल्कांव म्हणजे दारापुढचा, छप्पर असलेला, दोन्ही बाजूंना चुन्याच्या बांधीव बैठका असलेला सोपा. तो जवळजवळ प्रत्येक घराला असतो, पण फार जुना नाही, बहुतांशी 19व्या शतकात रुळला. पोर्तुगालच्या गावांत नेमकी अशी घरं नाहीत असं सांगतात. आमच्याकडच्या पडवीशी त्याचं नातं किती जवळचं आहे ते बाबांकडे पाहून कळलं. त्यांनी चपला खाली काढल्या, पाय पुसले आणि न विचारता डाव्या बैठकीवर टेकले, घरच्या पडवीवर टेकतात तसे.

आंटी साष्टीची कोंकणी बोलत होत्या, बाबा मालवणी. अर्ध्या तासात दोघांचे पाऊस, गुडघे आणि नारळाचे भाव बोलून झाले. मग आतून पातोळ्या आल्या. हळदीच्या पानात तांदळाचं पीठ थापून, आत गूळ-खोबरं घालून वाफवलेल्या. हिंदू घरांत त्या नागपंचमीला होतात, ख्रिस्ती घरांत 15 ऑगस्टच्या मारियेच्या फेस्ताला. आमच्या घरी नागपंचमीला झाल्या होत्या त्याच. बाबांनी दोन खाल्ल्या आणि आंटींना विचारलं, "गूळ खंयचो?"

बल्कांवाच्या दुसऱ्या टोकाला एक मेस्त, म्हणजे सुतार, खिडकी दुरुस्त करत होता. करेपांची खिडकी मी तोवर लांबूनच पाहिलेली. करेप म्हणजे प्लाकुना प्लासेंटा या चपट्या शिंपल्याची कवचं. कडा कापून त्यांचे जेमतेम तीन बोटं रुंद चौकोन करतात. झडपेत बारीक उभ्या पट्ट्या असतात, प्रत्येकीला दोन्ही अंगांनी खाच. त्या खाचेत शिंपले एकामागून एक सरकवत आणायचे, प्रत्येक शिंपला खालच्यावर किंचित चढलेला, कौलासारखा, म्हणजे पाणी आत येत नाही. खिळा नाही, डिंक नाही. मेस्ताने एक चौकोन माझ्या हातात ठेवला. नखाएवढा पातळ, वर गोलाकार रेषा, थोडा वाकवला तरी तुटत नाही. उजेडाकडे धरला तर बोटाची सावली दिसते, बोट दिसत नाही. खोलीत त्यातून येणारा उजेड दुधी, सगळीकडे सारखा, डोळ्यांना न टोचणारा. काच महाग आणि दुर्मिळ होती त्या काळचा हा उपाय. 17व्या शतकाच्या आरंभी गोव्यात राहून गेलेल्या पिरार द लाव्हाल या फ्रेंच प्रवाशानेही या खिडक्यांची नोंद केली आहे. पुढे काच स्वस्त झाली आणि करेप मागे पडले. आता हा शिंपला वन्यजीव कायद्याने संरक्षित असल्याने मेस्त जुन्या, मोडलेल्या खिडक्यांतले करेप सोडवून नव्यात बसवतो.

मी आंटींना घराचं पुढे काय, असं विचारलं. त्यांनी बोटांवर मोजत कॅनडा, लिस्बन, मुंबई, दुबई अशी नावं घेतली. घर सगळ्यांचं आहे. गोव्यात 1870 पासून पोर्तुगीज नागरी कायदा लागू झाला, त्यात मुलामुलींना सारखा वाटा. मुलींच्या दृष्टीने तो उर्वरित देशाच्या कितीतरी पुढे होता, आणि मला त्याचा आदर आहे. पण तीन पिढ्यांनंतर एका छपराला इतके मालक होतात की वासा बदलायचा खर्च कोणी करायचा हे ठरत नाही. दुसरीकडे 1960 आणि 1970 च्या दशकांतल्या कूळ आणि मुंडकार (जमीनदाराच्या जागेत घर करून राहणारे) कायद्यांनी जमीन कसणाऱ्यांकडे गेली. ते व्हायलाच हवं होतं. मात्र ज्या भाटांच्या (बागायतींच्या) आणि शेतांच्या उत्पन्नावर ही प्रचंड घरं उभी होती ते उत्पन्न त्यासोबत गेलं. वाटेत दिसणारी बंद, छप्पर बसलेली घरं 'दुर्लक्षामुळे' पडली असं म्हणणं म्हणूनच मला अपुरं वाटतं.

सर थांबली. "देव बरें करूं," म्हणून निघालो, तर आंटींनी उरलेल्या पातोळ्या पानासकट बांधून दिल्या.

शनिवार: चांदर, केपे

चांदर म्हणजे कदंबांची जुनी राजधानी चंद्रपूर. गावात जुन्या देवळाच्या उत्खननाची जागा आहे, तिथे मस्तक नसलेला नंदी बसलेला आहे. आधी तिकडे जाऊन मग चर्चच्या मैदानाकडे यावं. तिथे मैदानाची अख्खी बाजू व्यापून मिनेझिस ब्रागांझा घर उभं आहे. चोवीस खिडक्यांची दुमजली रांग. मधला जिना चढून गेलं की घर दोन होतं: पश्चिमेला मिनेझिस ब्रागांझा, पूर्वेला ब्रागांझा परेरा, एकाच कुटुंबाच्या दोन शाखा, दोघांचे कारभार वेगळे. त्यामुळे पैसे दोन्हीकडे वेगवेगळे द्यावे लागतात. मोकळ्या मनाने द्या, देखभाल त्यावरच चालते. आत फोटो काढायला मनाई आहे.

पूर्वेकडच्या भागात नाचाची साला आहे. झुंबरं, रंगवलेलं छत, संगमरवरी फरशी, आणि पोर्तुगालचा राजा दों लुईश याने भेट दिलेल्या उंच पाठीच्या दोन खुर्च्या. तिथल्या प्रार्थनेच्या खोलीत सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं नख जपलेलं आहे. पश्चिमेकडे मकावहून आलेली चिनी भांडी, शिसवी फर्निचर आणि सुमारे पाच हजार पुस्तकांचा संग्रह. मी सर्वांत जास्त वेळ या पुस्तकांपाशी थांबले. हा संग्रह लुईश द मिनेझिस ब्रागांझा (1878-1938) यांचा. त्यांनी 1900 मध्ये मेसियश गोमिश यांच्यासोबत 'ओ हेराल्दो' हे गोव्यातलं पहिलं पोर्तुगीज दैनिक काढलं आणि पुढे पोर्तुगीज सत्तेविरुद्धच लेखणी चालवली. पणजीतल्या संस्थेला त्यांचं नाव आहे. पोर्तुगीज राजाच्या खुर्च्या आणि पोर्तुगीज सत्तेला विरोध करणाऱ्याची पुस्तकं एकाच दर्शनी भिंतीमागे आहेत, आणि गोव्यातल्या या वर्गाचा सगळा गुंता त्यातून समजतो.

बाबांचं लक्ष छताकडे. इतक्या रुंद सालेला मध्ये खांब नाही, त्यामुळे ते तुळ्यांची लांबी डोळ्यांनी मोजत होते. तिथल्या काळजीवाहू बाईंनी आम्हाला मागे नेलं आणि चौक दाखवला. लाकडी खांब, पागोळ्यांचं पाणी नेणारी गटारं, बाजूला धान्य ठेवायच्या खोल्या. पुढची खिडक्यांची रांग आणि मागचा हा चौक एका घराचे आहेत यावर विश्वास बसायला वेळ लागला.

दुपारी केप्याला, कुशावती नदीकाठी. 'पालासियो दो देयांव' हे घर जुझे पावलु द आल्मेदा या चर्चच्या डीनने 1787 मध्ये बांधलं. केपे गाव वसवण्याचं श्रेयही त्यांनाच. घर बरंच मोडकळीला आलं होतं, आताच्या मालकांनी नेटाने उभं केलं आहे, करेपांच्या खिडक्यांसकट. जेवण मिळतं, पण आदल्या दिवशी फोन करूनच, आणि शाकाहारी हवं असेल तर तेव्हाच सांगायचं. पावसाळ्यात नदीकडच्या मागच्या ओसरीवर जेवायला बसा. पाणी चढलं होतं आणि बाग पायऱ्यापायऱ्यांनी त्यापर्यंत उतरत होती.

इथे बाबांनी मला छपराची गोष्ट सांगितली. ही घरं बांधली तेव्हा वर नळ्याची कौलं होती, दर वर्षी पावसाआधी परतावी लागत. बाझल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि चपटी, खाचेत बसणारी कौलं किनाऱ्याने वर आली. छप्पर हलकं झालं, वासे विरळ करता आले. म्हणजे आज ज्या लाल छपरामुळे हे घर 'पोर्तुगीज' वाटतं, ते जर्मन-स्विस मिशनऱ्यांमुळे कर्नाटकात घडलेलं.

रविवार: फोंडा

शेवटी नव्या काबिजादींतलं घर हवंच होतं. बाबांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मामेभावाचं घर फोंड्याजवळच्या गावात आहे, तिथे जेवायचं बोलावणं होतं. बाहेरून पाहिलं तर टोकदार कमानीच्या खिडक्या, वर रंगीत काचा, पुढे बल्कांवासारखा सोपा. 1910 मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आलं, हिंदूंना बरोबरीचे नागरी हक्क मिळाले, आणि त्यानंतर पैसा आलेल्या कुटुंबांनी दर्शनी बाजू नव्या धर्तीवर करून घेतल्या. हे घर त्यातलंच.

उंबरा ओलांडला आणि राजांगण समोर आलं. चारी छपरांचं पाणी मध्ये पडत होतं, मधोमध तुळस, भोवती गुळगुळीत लाकडी खांब. एका बाजूला देवखोली, दुसरीकडे स्वयंपाकघर, त्याच्या मागे विहीर. चवथ जवळ आलेली, म्हणून गणपतीच्या खोलीत माटोळीची, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगायची, लाकडी चौकट उतरवून धुवायला काढली होती. दोन पोरं भिंतीला रंग देत होती. जेवायला अळसांदे, मुगागाठी, सोलकढी. यजमानीणबाई बाबांना आग्रह करत होत्या, "भाऊ, आणीक घेयात मरे."

लोटलीच्या आंटींचं घर आणि हे घर मी मनात शेजारी ठेवून पाहिलं. चिरा तोच, चुना तोच, बैठकीची उंची तीच, पातोळ्याही त्याच. एकाने राजांगण राखून वर नवी दर्शनी भिंत चढवली, दुसऱ्याने दर्शनी भिंतीसाठी चौकाला मागे नेलं. पोर्तुगीजांनी खिडक्यांचे आकार दिले, खांबांच्या नक्षी दिल्या, सालेत भरायची पार्टी दिली. घर इथल्या पावसाने आणि इथल्या मेस्तांनी घडवलं. यापुढे मी फोटोखाली 'गोव्याचं घर' असंच लिहिणार.

जेवण झाल्यावर यजमानांनी जरा संकोचत बाबांना विचारलं, राजांगणाच्या ईशान्य कोपऱ्यात दोन छपरं मिळतात तिथे भिंत ओली होते, एकदा बघाल का. बाबा टॉर्च घेऊन माळ्यावर चढले आणि बऱ्याच वेळाने खाली आले. पन्हळीचा पत्रा गंजलाय, खालचा कोनवासा हाताच्या अंतरावर कुजलाय, अजून एक पावसाळा काढेल, दुसरा नाही. काम फार नाही, पण साग लागेल आणि खर्च वाटून घ्यावा लागेल. यजमान म्हणाले, चवथीला पुण्याचे, मुंबईचे, बेळगावचे सगळे भाऊ घरी येतात, तेव्हाच काय ते ठरतं. तेव्हा तुमीच येयात आणि तांकां सांगात. बाबांनी खिशातली वही काढून कोनवाशाचं माप लिहून घेतलं, आणि चवथीच्या दुसऱ्या दिवशी सावंतवाडीहून सकाळची कोणती बस फोंड्याला येते, ते विचारून घेतलं.